जुनं प्लगइन, नवी विंडोज: दार नेमकं बंद केलं कोणी?

पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बसमध्ये किंवा मळ्यात मोटार चालू करायला जाताना ऐकलं असेल, तर तारखा आणि सेटिंगची नावं निसटली असतील. ती इथे सापडतील. बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधले 'हां', 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न मी कळवणमध्ये सतत ऐकतो. सेवा केंद्र चालवणारे विचारतात, छोटे ठेकेदार विचारतात, शाळेतले सर विचारतात. "दादा, कॉम्प्युटरला नवी विंडोज टाकली आणि आता साइट म्हणते प्लगइन सापडत नाही. जुनं प्लगइन परत कुठून टाकायचं?"

छोटं उत्तर आधी देतो. जुनं प्लगइन नव्या विंडोजवर बहुतेक वेळा इन्स्टॉल होतं. पण ब्राउझर आता त्याला आत घेत नाही. म्हणजे दार विंडोजने नाही, ब्राउझरने बंद केलंय. ते दार परत उघडायच्या नादात लोक स्वतःची डिजिटल सही धोक्यात घालतात, म्हणून हा अख्खा भाग.

आपण 'प्लगइन' म्हणतो ते नक्की काय?

आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट 'प्लगइन' म्हणतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट, खरं प्लगइन. फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट ही त्यातली. १९९५ मध्ये वेबपेजला मजकूर आणि चित्रं दाखवण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं. तेव्हा नेटस्केपने 'एनपीएपीआय' नावाची सोय काढली. बाहेरचा एक पूर्ण प्रोग्राम ब्राउझरच्या आत येऊन बसायचा आणि पेजवरचा एक चौकोन स्वतः चालवायचा. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये हेच काम ॲक्टिव्हएक्स करायचं. अशा प्रोग्रामला कॉम्प्युटरवर जवळपास तुमच्याइतकेच अधिकार असायचे. फाइल वाचणं, यूएसबीशी बोलणं, सगळं.

दुसरी गोष्ट, एक्स्टेन्शन. जाहिराती अडवणारं, पासवर्ड लक्षात ठेवणारं वगैरे. हे ब्राउझरने दिलेल्या परवानगीपुरतंच काम करतं आणि विंडोजशी सहसा थेट बोलत नाही. म्हणूनच तेच एक्स्टेन्शन विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवरही चालतं.

तिसरी गोष्ट, सोबतचा प्रोग्राम. उदाहरणार्थ डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, किंवा सही करून देणारा 'सायनर'. हा ब्राउझरच्या बाहेर, स्वतंत्र चालतो.

घराच्या भाषेत सांगायचं तर प्लगइन म्हणजे घराची किल्ली दिलेला भाडेकरू. एक्स्टेन्शन म्हणजे ओसरीवर बसवलेला पाहुणा. आणि सायनर म्हणजे शेजारी, हाक मारली की येतो आणि काम करून परत जातो. ब्राउझरवाल्यांनी काय केलं? भाडेकरूकडून किल्ली काढून घेतली. पाहुण्याला राहू दिलं, पण त्याचे नियम बदलले. शेजाऱ्याला हात लावला नाही.

किल्ली कधी काढून घेतली?

तारखा महत्त्वाच्या आहेत, कारण "आमच्या जुन्या मशीनवर तर चालतंय" याचं उत्तर त्यांच्यात आहे.

क्रोमने एप्रिल २०१५ मध्ये, आवृत्ती ४२ पासून, एनपीएपीआय प्लगइन आपोआप चालणं थांबवलं. सप्टेंबर २०१५ च्या आवृत्ती ४५ मध्ये ती सोयच काढून टाकली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, आवृत्ती ५२ पासून, फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगइन बंद केली. जावानेही हात वर केले. २०१८ मधल्या जावा ११ पासून ब्राउझरचं प्लगइन जावासोबत येतच नाही.

त्यामुळे होतं काय? साइट म्हणते 'जावा नाही', म्हणून माणूस सगळ्यात नवीन जावा उतरवून घेतो आणि साइट पुन्हा म्हणते 'जावा नाही'. साइट खोटं बोलत नसते. नव्या जावात प्लगइन नाही, आणि असतं तरी क्रोमने त्याला आत घेतलं नसतं.

फ्लॅशचं तर अधिकृत तेरावंच झालं. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा सपोर्ट संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःहून चालायला नकार दिला. तशी सोय त्यात आधीच घालून ठेवलेली होती. सिल्व्हरलाइटचा सपोर्ट १२ ऑक्टोबर २०२१ ला संपला. इंटरनेट एक्सप्लोरर ११ विंडोज १० वर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. विंडोज ११ मध्ये तो स्वतंत्र ब्राउझर म्हणून आलाच नाही.

एवढा राग कशासाठी? कारण किल्ली असलेल्या भाडेकरूच्या खिडकीतून चोर शिरत होते. जानेवारी २०१३ मध्ये जावातली एक फट इतकी वाईट निघाली, की अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने लोकांना ब्राउझरमधलं जावा बंद करायला सांगितलं. नुसतं एखादं पेज उघडलं तरी मशीन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होती.

मग विंडोजचा काहीच दोष नाही?

थोडा आहे, पण वेगळ्या ठिकाणी. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, तरी जुने ३२ बिट प्रोग्राम ती अजून चालवते. जावा ८ तिच्यावर आजही इन्स्टॉल होतं. अडचण येते ती ड्रायव्हरची. टोकनसोबत बऱ्याच वर्षांपूर्वी मिळालेल्या सीडीतला ड्रायव्हर नव्या विंडोजला चालेलच असं नाही. तो टोकन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा घ्यावा लागतो.

खरा कडकपणा ॲपलने दाखवला. २०१७ च्या आयओएस ११ ने आयफोनवरची ३२ बिट ॲप्स बंद केली, आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने मॅकवरची. अँड्रॉइडही त्याच वाटेने चाललंय. अँड्रॉइड ६ च्या आधीच्या काळासाठी लिहिलेलं ॲप अँड्रॉइड १४ वर नव्याने इन्स्टॉलच होत नाही. मोठ्या भावाच्या जुन्या फोनमधला गेम तुमच्या नव्या फोनवर का येत नाही, त्याचं एक कारण हे.

एक्स्टेन्शनचं काय?

इथे विंडोज कोणती, यापेक्षा ब्राउझरची आवृत्ती कोणती हे बघायचं.

आपल्या भाषेतलं उदाहरण घ्या. युनिकोड रुळायच्या आधी मराठी साइट्स आपापल्या फॉन्टवर चालायच्या. श्री-लिपी, डीव्हीबी-टीटी योगेश असे वेगवेगळे फॉन्ट. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर बातमीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाचं एक्स्टेन्शन होतं. ते अशा जुन्या भारतीय फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. मग १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आला आणि जुन्या पद्धतीने लिहिलेली सगळी एक्स्टेन्शन एका दिवसात बंद पडली. त्या काळातलं पद्माही त्यातच आलं. लोकांची विंडोज तीच होती, ब्राउझर तेवढा बदलला होता.

अलीकडचं उदाहरण क्रोमचं. 'मॅनिफेस्ट व्ही२' या जुन्या नियमांवरची एक्स्टेन्शन क्रोमने जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली. जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन त्यात गेलं. नव्या नियमांत बसणारं 'युब्लॉक ओरिजिन लाइट' क्रोमवर चालतं. मूळ युब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर चालतं.

आणि जुना ब्राउझर धरून बसणाऱ्यांसाठी एक गंमत. १४ मार्च २०२५ ला फायरफॉक्समधलं एक मूळ प्रमाणपत्र संपलं. आवृत्ती १२८ च्या आधीचा फायरफॉक्स आणि ११५.१३ च्या आधीचा दीर्घ सपोर्टवाला फायरफॉक्स, या दोन्हींवर एक्स्टेन्शन बंद पडण्याची वेळ आली. अपडेट बंद केले म्हणजे जग जागच्या जागी थांबतं असं नाही, बरं का.

आता कळवणच्या कामाचं: डीएससी

आपल्या तालुक्यात हा प्रश्न गेम्सचा किंवा व्हिडिओचा नाहीये. प्रश्न आहे पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनचा, म्हणजे डीएससीचा. रस्ता, बंधारा, आश्रमशाळेचं काम, काहीही असो, ऑनलाइन निविदा भरायची तर ठेकेदाराला डीएससी लागते. राज्याचं महाटेंडर्स पोर्टल एनआयसीच्या ई-निविदा प्रणालीवर चालतं, तिथेही तेच. ग्रामपंचायतीत वित्त आयोगाच्या निधीतून पैसे द्यायचे तर ई-ग्रामस्वराजवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डीएससी लागतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार ही सही कागदावरच्या सहीइतकीच खरी. "ती माझी सही नव्हती" हे नंतर सिद्ध करणं फार अवघड.

टोकनच्या आत एक खासगी किल्ली असते. ती टोकनमधून कधीच बाहेर येत नाही. सहीचं गणित टोकनच्या आत होतं आणि फक्त उत्तर बाहेर येतं. वेबपेजला मात्र यूएसबीला लावलेल्या टोकनशी थेट बोलता येत नाही, तशी मनाईच आहे. मग सही व्हायची कशी? कित्येक वर्षं त्याचं उत्तर होतं जावा ॲपलेट. किल्ली असलेला भाडेकरू आतून टोकनपर्यंत जायचा. म्हणूनच इंटरनेट एक्सप्लोरर आणि ठरावीक जावा असा जोड सांभाळलेली एक जुनी मशीन प्रत्येक दुकानात असायची.

आता तेच काम शेजारी करतो. तुमच्या कॉम्प्युटरवर सायनर नावाचा छोटा प्रोग्राम चालू असतो. साइट त्याला १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे 'याच कॉम्प्युटरवर', हाक मारते. तो टोकनकडून सही करून घेतो आणि परत देतो. जीएसटीच्या साइटला लागणारा ईएमसाइनर असाच आहे, तो १५८५ या पोर्टवर ऐकत बसतो. ब्राउझरमध्ये काहीच घुसवावं लागत नाही.

म्हणून साइटने 'सायनर सापडत नाही' म्हटलं की प्लगइन शोधू नका. या क्रमाने बघा:

१. सायनर चालू आहे का? घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हांत बघा. नसेल तर उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने सुरू करा.

२. टोकनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्र दिसतंय का? तिथेच दिसत नसेल तर भांडण ब्राउझरशी नाही, ड्रायव्हरशी आहे.

३. प्रमाणपत्राची मुदत संपली का? डीएससी जास्तीत जास्त तीन वर्षांची मिळते. १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ प्रकार देणं बंद झालंय, आता क्लास ३ मिळते.

४. ब्राउझरने परवानगी विचारली होती का? क्रोमच्या नव्या आवृत्त्यांत, साइटला तुमच्या कॉम्प्युटरवरच्या किंवा नेटवर्कवरच्या प्रोग्रामशी बोलायचं असेल तर चौकट येऊ शकते. घाईत 'ब्लॉक' दाबलं असेल तर पत्त्याच्या पट्टीतल्या साइट सेटिंगमध्ये जाऊन बदला.

५. कॉम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर आहे का? हसू नका. जुन्या मशीनचा छोटा सेल गेला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सगळी प्रमाणपत्रं चुकीची ठरतात.

आणि हे सगळं निविदेच्या शेवटच्या दिवशी नाही, आधीच करून ठेवा. शेवटच्या तासाला पोर्टल तुमची वाट बघत नाही.

साइटच जुनी असेल तर?

काही साइट्स खरंच अजून जुन्या काळात असतात. त्यांच्यासाठी एक अधिकृत रस्ता आहे: मायक्रोसॉफ्ट एजचा 'आयई मोड'. त्यात जुन्या इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन चालतं आणि ॲक्टिव्हएक्सही चालतं. त्यात जावा आणि सिल्व्हरलाइटही आले. मायक्रोसॉफ्टने तो किमान २०२९ पर्यंत ठेवायचं कबूल केलंय. एजच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर'मध्ये जाऊन तो चालू करायचा आणि त्या एकाच साइटचा पत्ता यादीत घालायचा. हा पत्ता ३० दिवसांनी आपोआप निघून जातो. म्हणून महिन्याभराने "परत बिघडलं" असं वाटतं. बिघडलेलं नसतं, पत्ता पुन्हा घालायचा.

पण इथेही सावध. २०२५ मध्ये भामटे लोकांना खोट्या साइटवर नेऊन 'हे पान आयई मोडमध्ये उघडा' असं सांगत होते आणि जुन्या इंजिनातल्या फटीतून मशीन ताब्यात घेत होते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने आयई मोडचं सोपं बटण काढून टाकलं. म्हणून ज्या साइटचा पत्ता तुम्ही स्वतः टाइप केलाय, तिच्यासाठीच तो वापरा.

शाळेतल्या सरांसाठी वेगळा उपाय आहे. डिजिटल वर्गाच्या काळातले फ्लॅशमधले धडे अजून पडून असतील, शेवटी '.एसडब्ल्यूएफ' असलेल्या फाइल्स. त्यांना फ्लॅश लागत नाही, 'रफल' पुरतं. फ्लॅशच्या फाइल्स समजून घेऊन चालवणारा हा नव्याने लिहिलेला फुकट प्रोग्राम आहे. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून जुने फ्लॅश खेळ यावरच जिवंत ठेवलेत. तो ब्राउझरच्या नियमांत राहून चालतो, त्यामुळे मोबाइलवरही जमतो. सगळ्या फाइल्स चालत नाहीत. त्यातल्या त्यात जुन्या आणि साध्या चांगल्या चालतात.

फक्त आपलंच असं झालंय का?

अजिबात नाही. दक्षिण कोरियाने १९९० च्या दशकाच्या शेवटी स्वतःची 'सीड' नावाची गुप्तलेखन पद्धत बनवली आणि ऑनलाइन बँकिंगसाठी ती ॲक्टिव्हएक्समधून चालवली. परिणाम असा की अख्खा देश कित्येक वर्षं इंटरनेट एक्सप्लोररला बांधला गेला. तिथल्या सरकारी प्रमाणपत्राचा विशेष दर्जा शेवटी डिसेंबर २०२० मध्ये कायद्याने काढावा लागला. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्ये होते. जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅश बंद झाल्यावर त्या खात्याने फ्लॅश चालवणारा स्वतःचा वेगळा ब्राउझरच लोकांना दिला. जिथे सरकारी काम एका प्लगइनला टांगलेलं होतं, तिथे ते संपल्यावर लोकांचीच धावपळ झाली.

मोबाइलवर काय करायचं?

बहुतेक जण हे फोनवर वाचताय, म्हणून सरळ सांगतो. फोनवर अशी प्लगइन आता नाहीत. अँड्रॉइडवर फ्लॅश काही वर्षं होतं. ॲडोबीने ते ऑगस्ट २०१२ मध्ये प्ले स्टोअरवर नव्या लोकांना देणं थांबवलं. आयफोनवर ते कधीच नव्हतं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये नेहमीची एक्स्टेन्शन टाकता येत नाहीत, फायरफॉक्समध्ये येतात. त्यामुळे फोनवर एखादं पेज 'व्हिडिओ बघायला फ्लॅश प्लेअर टाका' म्हणालं, तर ते शंभर टक्के खोटं. ती एपीके फाइल उतरवू नका. घरात कोणी उतरवली असेल तर फोन नेटपासून तोडा आणि ते ॲप काढा. त्या फोनवर यूपीआय असेल तर दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

काय करू नका

दुकानांत चालणारा एक जुगाड मला ठाऊक आहे. फायरफॉक्स ५२ ची जुनी 'पोर्टेबल' प्रत पेन ड्राइव्हवर फिरते, सोबत जुनं जावा. चालतं का? काही साइट्सवर चालतं. पण त्या फायरफॉक्सला २०१८ नंतर एकही सुरक्षा दुरुस्ती मिळालेली नाही. विंडोज ७ चंही तेच, तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

कोणी म्हणेल, किल्ली टोकनमधून बाहेर येत नाही ना, मग भीती कसली? भीती अशी: टोकन लावलेलं आहे, पिन टाकलेला आहे, आणि मशीनमध्ये चोर बसलाय. त्याला किल्ली चोरायची गरजच नाही. तो टोकनला म्हणतो, 'यावर सही कर,' आणि टोकन करतं. टोकनला तुमचा हात आणि चोराचा हात यांतला फरक कळत नाही.

म्हणून जुनी मशीन ठेवायचीच असेल तर इंटरनेटची वायर काढून ठेवा, जुन्या फाइल्स बघण्यापुरती. सहीचं काम अपडेट मिळणाऱ्या मशीनवरच करा. सही झाली की टोकन काढून खिशात टाका. टोकन दुकानात ठेवून जाणं आणि पिन चिठ्ठीवर लिहून देणं म्हणजे सही केलेलं कोरं चेकबुक ठेवून जाणं. सरपंच असा, ठेकेदार असा, की घरातल्या कोणाची डीएससी सांभाळणारे तुम्ही असा, एवढं एक आजच बदला.

आणि पुढच्या वेळी कोणी 'जुनं प्लगइन टाकून देतो, दोनशे रुपये' म्हणालं, तर आधी विचारा: या साइटचा स्वतःचा सायनर कुठे मिळतो? तो त्या साइटच्याच डाउनलोड पानावर, फुकट असतो.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात. तोवर अपडेट चालू ठेवा आणि टोकन खिशात!